विद्यार्थी-लघुपटाच्या चित्रीकरणाआधी व्हिडिओ कॅमेरा कसा तयार करावा

बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या जुन्या वाड्याचे माजघर, सुरसागर तळ्याच्या काठावरची संध्याकाळ आणि सयाजीबागेतील सकाळ, अशा तीन ठिकाणी घडणारा दहा-बारा मिनिटांचा मराठी लघुपट डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. आजी, नातू आणि शेजारचे एक काका एवढीच पात्रे असली, तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने ही तीन अगदी वेगळी ठिकाणे आहेत: माजघरात ट्यूबलाइट आणि खिडकीतला उजेड एकत्र येतात, तळ्याकाठी प्रकाश मिनिटामिनिटाला उतरत जातो आणि बागेत कडक ऊन व दाट सावली एकाच फ्रेममध्ये असतात. काच पुसली आणि बॅटरी चार्ज केली की कॅमेरा तयार झाला, असा सर्वसाधारण समज आहे. जे निर्णय घरी शांतपणे घेता येतात ते सर्व आदल्या दिवसापर्यंत घेऊन टाकावेत आणि प्रत्यक्ष जागी फक्त एक्सपोजर, फोकस व आवाजाची पातळी एवढेच हाताळायचे शिल्लक ठेवावे, याला मी तयारी म्हणतो. त्यासाठी निदान दोन दिवस हाताशी असावेत. कॅमेरा भाड्याने आणायचा असेल, तर एका दिवसाचे जास्तीचे भाडे अंदाजपत्रकात आधीच धरावे; लाइट्सच्या खर्चात थोडी काटकसर करावी लागली तरी हा दिवस सोडू नये.

उसना कॅमेरा ताब्यात घेताना

कॅमेरा महाविद्यालयाचा असो, भाड्याचा असो किंवा लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागून आणलेला असो, त्यात आधीच्या वापरणाऱ्याच्या सवयी दडलेल्या असतात. त्वचा मऊ दिसावी म्हणून निवडलेली पिक्चर प्रोफाइल (रंग व कॉन्ट्रास्टची ठरीव मांडणी), आपोआप बदलणारा आयएसओ (उजेडाबाबतची कॅमेऱ्याची संवेदनशीलता), स्टार्ट-स्टॉपच्या वेळी वाजणारी बीप अशा गोष्टी मेनूच्या आतल्या पानांवर असतात आणि त्या एकेक करून शोधत बसण्यापेक्षा कॅमेरा सरळ मूळ स्थितीत आणणे सोपे जाते. मात्र त्याआधी मालकाची परवानगी घ्यावी, कारण त्याने स्वतःसाठी साठवलेले प्रीसेट त्यात पुसले जाऊ शकतात. अनेक कॅमेऱ्यांत ते मेमरी कार्डवर उतरवून ठेवण्याची सोय असते. चित्रीकरण तोंडावर आलेले असताना फर्मवेअर (कॅमेऱ्यातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्याच्या फंदात पडू नये.

कॅमेरा ताब्यात घेतानाच त्याच्या प्रत्येक सुट्या वस्तूची नोंद करावी: बॅटऱ्या किती, चार्जर व त्याची वायर, लेन्सची दोन्ही झाकणे, बॉडीचे झाकण, आणि विशेषतः ट्रायपॉडवर कॅमेरा बसवण्याची पट्टी. ही पट्टी ट्रायपॉडबरोबर न येता आधीच्या कॅमेऱ्याच्या तळाशी स्क्रूने तशीच अडकून राहते आणि मग उत्तम ट्रायपॉडही निरुपयोगी ठरतो. लेन्सवर आधीपासून असलेले ओरखडे, पडद्यावरील मृत पिक्सेल आणि सैल झालेले कनेक्टर यांचे फोटो मालकासमोरच मोबाइलवर काढून ठेवावेत.

तारीख आणि वेळ अचूक लावावी. हे क्षुल्लक वाटते, पण वेगळा ध्वनिमुद्रक किंवा दुसरा कॅमेरा वापरला जाणार असेल, तर संकलनाच्या वेळी क्लिप्स क्रमाने लावताना हीच वेळ उपयोगी पडते. काही दिवस बॅटरी काढून ठेवल्यावर घड्याळ पुन्हा शून्यावर येत असेल, तर आतली छोटी बॅटरी संपली आहे असे समजावे आणि रोज सकाळी वेळ लावण्याची जबाबदारी एकावर सोपवावी.

पन्नास हर्ट्झचा हिशेब

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो, म्हणजे चोकवर चालणारी ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा तेजाळत आणि मंदावत असतो. आपल्या डोळ्यांना हे जाणवत नाही, परंतु शटरचा वेग या लयीशी जुळला नाही, तर चित्रात सरकणारे काळसर पट्टे दिसतात किंवा सगळी फ्रेम लुकलुकते, आणि हा दोष संकलनात पूर्णपणे काढणे फार कठीण असते. उपाय सोपा आहे. शटर १/५० सेकंदावर ठेवले, तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन स्पंदने येतात. १/१०० वर ठेवले, तर एक येते. १/६० ठेवले, तर एक पूर्णांक आणि दोनतृतीयांश स्पंदन येते आणि प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला कमी-अधिक उजेड येतो.

यासाठी मेनूतील वारंवारतेची निवड प्रथम पाहावी. ती एनटीएससी किंवा ६० हर्ट्झवर असेल, तर कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम्सचे पर्याय देतो. पाल किंवा ५० हर्ट्झवर नेल्यावर २५ आणि ५० मिळतात. काही कॅमेऱ्यांत हा बदल केल्यावर मेमरी कार्ड पुन्हा फॉरमॅट करावे लागते, म्हणून तो जागेवर जाऊन करण्याचा बदल नव्हे. भारतात घरांच्या आत चित्रीकरण होणार असेल, तर २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ही जोडी निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे. सिनेमाचा वेग २४ आहे म्हणून अनेक विद्यार्थी आग्रहाने २४ निवडतात. २४ फ्रेम्सवरही शटर १/५० ठेवले, तर बिघडत काही नाही, परंतु पाहणाऱ्याला २४ आणि २५ यांतील फरक ओळखता येत नाही आणि सगळे साहित्य एकाच वेगाचे असण्याचा फायदा मात्र शेवटपर्यंत होतो. हालचाल नैसर्गिक दिसण्यासाठी शटर फ्रेमच्या कालावधीच्या साधारण निम्मे असावे, हा जुना संकेतही या जोडीत आपोआप पाळला जातो. १२० फ्रेम्सचे स्लो मोशन घ्यायचे असल्यास ते ट्यूबलाइटखाली न घेता बागेतल्या उन्हात घ्यावे.

नवरात्रातील गरब्याच्या मैदानावर किंवा रोषणाई केलेल्या गणेशमंडपात चित्रीकरण असेल, तर एवढ्यावर भागत नाही, कारण सजावटीच्या एलईडी माळांची लुकलुक वीजपुरवठ्याच्या लयीला बांधलेली असतेच असे नाही. अशा ठिकाणी आदल्या संध्याकाळी जाऊन अर्ध्या मिनिटाची क्लिप घ्यावी आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहावी. कॅमेऱ्यात शटरचा वेग अपूर्णांकात सूक्ष्मपणे बदलण्याची सोय असेल, तर ती अशाच वेळी कामाला येते.

शटर असे एकदा बांधून टाकले की भर उन्हात अडचण उभी राहते. स्वच्छ उन्हात १०० आयएसओ आणि १/१०० शटरला एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) लागते असा ढोबळ नियम आहे. १/५० ला म्हणजे एफ/२२ लागेल. आपल्याला नातवाच्या मागची झाडे धूसर हवी आहेत आणि त्यासाठी एफ/४ हवे आहे, तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) प्रकाश अडवावा लागेल. म्हणजे एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळसर काच) ३२ पट प्रकाश कमी करणारा हवा. कॅमेरा लॉग प्रोफाइलवर, म्हणजे नंतर रंग देण्यासाठी मुद्दाम फिके चित्र घेणाऱ्या प्रोफाइलवर, असेल आणि तिचा किमान आयएसओ ८०० असेल, तर आणखी तीन स्टॉप वाढतात आणि २५६ पटीचा फिल्टर लागतो. हा हिशेब कागदावर करून मगच फिल्टर आणावा. फिरवून कमी-जास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, मात्र वाइड लेन्सवर तो टोकापर्यंत फिरवल्यास आकाशात फुलीसारखी काळी छाया उमटते आणि स्वस्त फिल्टर चित्राला हिरवट किंवा तपकिरी झाक देतो. या दोन्ही गोष्टी घराच्या गच्चीवर दहा मिनिटांत तपासता येतात. फिल्टरचा व्यास लेन्सशी जुळतो की नाही, हे आकडा वाचून न ठरवता प्रत्यक्ष बसवून पाहावे.

लॉगचा विषय निघालाच आहे, तर तेही ठरवून टाकावे. ज्या गटात रंगसंस्करण करण्याचा अनुभव कोणालाच नाही आणि कॅमेरा ८-बिट (रंगांच्या कमी छटा नोंदवणारे) चित्रण करतो, त्या गटाने लॉगच्या वाटेला जाऊ नये. फिकट आकाश आणि सपाट भिंती यांवर रंगांचे पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात आणि शेवटी कॅमेऱ्याच्या साध्या प्रोफाइलपेक्षा वाईट चित्र हाती लागते. साधी प्रोफाइल निवडून कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस थोडे उतरवावेत. एवढे पुरेसे असते.

पांढरा रंग आणि समईचा उजेड

ऑटो व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा हे कॅमेऱ्याने स्वतः ठरवणे) बंद करावा. तो एका शॉटच्या आतही बदलत राहतो. आजी खिडकीपाशी उभी राहिली की भिंत निळसर आणि ती आत वळली की तीच भिंत पिवळी, अशी क्लिप पुढे कशीही जुळत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका तो पिवळा: दिवसाचा उजेड सुमारे ५६०० केल्विन, आपल्या घरांतील पांढरी ट्यूबलाइट बहुधा ६५०० केल्विन आणि पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या आसपास असतो. हे तिन्ही एकत्र आले, तर कोणताही एक आकडा सर्वांना न्याय देऊ शकत नाही. म्हणून कॅमेऱ्यात उत्तर शोधण्याआधी खोलीत शोधावे: ट्यूबलाइट बंद करून खिडकीच्या उजेडावर दृश्य घेता येते का, किंवा खिडकी जाड पडद्याने झाकून केवळ दिव्यांवर घेता येते का, हे वाड्यात जाऊन, दृश्याच्याच वेळी, एकदा पाहून यावे. ठरलेल्या उजेडात ग्रे कार्ड (राखाडी रंगाचा पुठ्ठा) नटाच्या चेहऱ्याच्या जागी धरून व्हाइट बॅलन्स मोजावा आणि तो आकडा दृश्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवावा.

समई याला अपवाद आहे. तिची ज्योत १९०० केल्विनच्या आसपास असते, आणि कॅमेऱ्याने तिलाच पांढरे मानले, तर देवघराची सारी ऊब निघून जाते. अशा दृश्यात ३२०० केल्विनवर कॅमेरा ठेवावा, म्हणजे ज्योत पिवळीच राहते आणि चेहरा फार लालही होत नाही.

तळ्याकाठच्या संध्याकाळसाठी आयएसओची कमाल मर्यादा आधी ठरवावी. घरात एका मंद दिव्याखाली एकच दृश्य ८००, १६००, ३२०० आणि ६४०० वर घेऊन संगणकावर पूर्ण आकारात पाहावे आणि ज्या आकड्यावर सावलीतील दाणे डोळ्यांत खुपू लागतात, त्याच्या एक पायरी अलीकडे थांबावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हा निर्णय घेऊ नये. त्या पडद्याची उजळपणाची पातळीही ऑटोवरून काढून मधोमध ठेवावी, कारण अंधारात तोच पडदा चित्र आहे त्यापेक्षा उजळ भासवतो आणि परिणामी सारे दृश्य काळे येते. एक्सपोजर झेब्रावर (अति उजळ भागांवर कॅमेऱ्याच्या पडद्यात दिसणाऱ्या पट्ट्यांवर) तपासण्याची सवय लावावी: पांढऱ्या धोतरावर किंवा आकाशावर १०० टक्क्यांचे पट्टे फार पसरले, तर तेथील तपशील गेला असे समजावे.

लेन्स, फोकस आणि सेन्सर

लेन्स साफ करताना क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम हवेच्या फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश आणि सर्वांत शेवटी लेन्सचे कापड वापरावे. शर्टाचे टोक किंवा ओढणी काचेला लावू नये, कारण धुळीचा कण कापडाखाली घासला जातो. सेन्सरवरील डाग शोधण्यासाठी लेन्स एफ/१६ वर ठेवून, मुद्दाम फोकस बिघडवून, पांढरी भिंत चित्रित करावी. राखाडी ठिपके एकाच जागी दिसत असतील, तर कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून फुग्याने दोन-तीनदा हवा मारावी. तेवढ्याने डाग गेले नाहीत, तर सेन्सर स्वतः पुसण्याचे धाडस न करता दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात. टॉर्चचा झोत मागच्या बाजूने टाकला की ते चटकन दिसतात, आणि अशी लेन्स भाड्याने घेऊच नये.

झूम करून चेहऱ्यावर फोकस लावायचा आणि मग झूम मागे घ्यायचा, ही पद्धत कॅमकॉर्डरच्या लेन्सवर चालते. स्थिरचित्रणासाठी बनवलेल्या पुष्कळ झूम लेन्सवर मात्र झूम बदलताच फोकस सरकतो. आपली लेन्स कोणत्या जातीची आहे, हे छापील मजकुरावर वाचता येते असे एक पान भिंतीला चिकटवून तपासावे. ज्या शॉटमध्ये काका दारातून आत येऊन आजीसमोर बसतात, तेथे ऑटोफोकस बंद ठेवून जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि फोकसची रिंग त्या दोन जागांमध्ये फिरवण्याचा सराव घरीच करावा. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) सुरू ठेवल्याने मदत होते, परंतु मंद उजेडात ती सगळ्याच कडा रंगवून टाकते, त्यामुळे महत्त्वाच्या शॉटला चित्र मोठे करून पाहण्याचे बटण कोणते, हे बोटांना पाठ असावे. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझर बंद करावा.

बॅटरी, कार्ड आणि उष्णता

बॅटऱ्यांवर क्रमांक लिहावेत आणि प्रत्येक बॅटरी पूर्ण चार्ज करून, कॅमेरा रेकॉर्डिंगवर ठेवून, बंद पडेपर्यंत किती वेळ टिकते ते मोजावे. खोक्यावरचा आकडा आणि जुन्या बॅटरीची खरी ताकद यांत बरेच अंतर असते. वाड्यात बऱ्याच खोल्यांत प्लगच नसतात, म्हणून चार्जिंग कोठे करायचे हेही आधी विचारून घ्यावे.

कार्डचा हिशेब बिटरेटवरून (सेकंदाला किती डेटा लिहिला जातो त्यावरून) करावा. १०० मेगाबिटचे चित्रण सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे मिनिटाला ७५० मेगाबाइट घेते. ६४ जीबीच्या कार्डवर त्यामुळे सुमारे ८५ मिनिटे मावतात. कार्डावरील व्ही३० ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याचा वेग सांगते आणि एवढा वेग अशा चित्रणाला पुरतो. बनावट कार्डे बाजारात पुष्कळ आहेत. नवीन कार्डची संपूर्ण क्षमता लिहून आणि वाचून पाहणारी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. त्यांनी एकदा पूर्ण तपासणी केल्याशिवाय नवे कार्ड कॅमेऱ्यात घालू नये. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करावे, संगणकावर नव्हे.

मे महिन्यात बडोद्याचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि काळ्या रंगाचा छोटा कॅमेरा ४के चित्रण करताना उन्हात तापून बंद पडू शकतो. छत्री हे त्यावरचे सर्वांत स्वस्त साधन आहे. ती धरणारा माणूस आदल्या दिवशी ठरवावा. दोन शॉटच्या मध्ये कॅमेरा बंद करावा आणि गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. पावसाळ्यात अडचण उलटी असते: वातानुकूलित खोलीतून थंड कॅमेरा दमट हवेत आणला की काचेवर बाष्प जमते. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवली, तर हे टळते.

आवाजाची तयारी

कॅमेऱ्याच्या आतला माइक लेन्सच्या मोटरचा आवाजही पकडतो, म्हणून बाहेरचा माइक किंवा वेगळा ध्वनिमुद्रक असावाच. तरीही कॅमेऱ्यातील आवाज बंद करू नये, कारण नंतर दोन्ही जुळवताना तोच कामी येतो. कॅमेरा व ध्वनिमुद्रक दोन्ही ४८ किलोहर्ट्झवर ठेवावेत. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) बंद करावा, अन्यथा संवादांमधल्या शांततेत पंख्याची घरघर वर चढते. संवादाची उंच टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी लावावी. आरतीचे दृश्य असेल, तर झांजांसह एकदा खरोखर आरती म्हणून पातळी खाली आणावी. बऱ्याच कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (माइकच्या वायरमधूनच दिली जाणारी वीज) लागतो, तो चालू आहे की नाही हे पाहावे. आणि हेडफोन कानाला लावल्याशिवाय यांतले काहीही तपासले गेले असे मानू नये.

संपूर्ण साखळीची चाचणी

वरील सर्व सेटिंग लावून झाल्यावर एक मिनिटाचा खरा शॉट घ्यावा: कोणाला तरी चालत आणून बसवावे, दोन वाक्ये बोलायला लावावीत, सुरुवातीला हाताने टाळी द्यावी. मग ती क्लिप कार्डवरून त्याच संगणकावर उतरवावी ज्यावर संकलन होणार आहे, त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, वेगळा आवाज टाळीवर जुळवावा आणि एक छोटी फाइल निर्यात करून पाहावी. एच.२६५ स्वरूपातील चित्रण जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालते, हे येथेच कळते आणि स्वरूप बदलण्यास वेळ असतो. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट कथापटाला हात घातला नाही, तर वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली आणि तो प्रयोग दाखवून पुढच्या कामासाठी भांडवल उभे केले. ज्या गटाला चाचणी हा वेळेचा अपव्यय वाटतो, त्याला हे अवश्य सांगावे.

चाचणीत पसंत पडलेली सेटिंग कॅमेऱ्याच्या प्रीसेटमध्ये साठवावी आणि शिवाय एका कागदावर लिहून तो कॅमेऱ्याच्या बॅगच्या झाकणाला आतून चिकटवावा. पॉवर सेव्ह बंद करावा, म्हणजे नट तयार असताना कॅमेरा झोपी जाणार नाही. स्पर्शाने चालणारा पडदा कुलूपबंद करावा. सयाजीबागेत ट्रायपॉड उभा करण्यापूर्वी परवानगी कोणाकडून घ्यावी लागते याची चौकशी करून ठेवावी. हातातल्या कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करणारे पहारेकरी ट्रायपॉड दिसताच पुढे येतात.

चित्रीकरणाच्या सकाळी निघण्यापूर्वी सर्व कार्डे कॅमेऱ्यात फॉरमॅट करून एकाच पाकिटात, नावाची बाजू वर करून ठेवावीत. भरलेले कार्ड उलटे ठेवावे आणि त्याची लिहिण्याची कळ बंद करावी. हे पाकीट दिवसभर एकाच व्यक्तीकडे असावे आणि ती व्यक्ती कॅमेरा चालवणारी नसावी. संध्याकाळी भरलेल्या कार्डच्या दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती होऊन, त्यांतील क्लिप्स उघडून पाहिल्याशिवाय कोणतेही कार्ड पुन्हा फॉरमॅट करू नये, मग दुसऱ्या दिवसासाठी रावपुऱ्यात जाऊन नवे कार्ड विकत घ्यावे लागले तरी चालेल.